सहसंबंधांच्या जाळ्यातून गुरुत्वीय लहरी: लायगोच्या खुल्या डेटावरच्या कामाच्या नोंदी

गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाश-काळाचं किंचित ताणणं-आखडणं, शोधण्याची रुळलेली पद्धत म्हणजे मॅच्ड फिल्टर. सिग्नल कसा दिसेल हे सिद्धांतावरून आधी काढायचं, त्याचे हजारो नमुने तयार करायचे आणि डेटावर एकेक फिरवून बघायचं. मला दुसऱ्या टोकाने यायचं होतं. सिग्नलचा आकार गृहीत न धरता डेटाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा एक नोड (जाळ्यातली गाठ) मानायचा आणि जे तुकडे एकमेकांसारखे दिसतात त्यांच्यात दुवा टाकायचा. अशा जाळ्यात खरा सिग्नल नॉइजपेक्षा, म्हणजे डिटेक्टरमधल्या गोंगाटापेक्षा, वेगळा वागतो का, हा प्रश्न. साधनं साधीच: पायथॉन, त्यातली नमपाय, सायपाय, जीडब्ल्यूपाय, नेटवर्कएक्स ही पॅकेजं आणि १६ जीबी मेमरीचा लॅपटॉप. हेच काम करू पाहणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून काय अडलं ते जास्त लिहिलं आहे.

४ जानेवारी

ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटरवरून जीडब्ल्यू१५०९१४ या घटनेच्या, म्हणजे दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाच्या, दोन फाइली उतरवल्या, एक हॅनफर्डची, एक लिव्हिंग्स्टनची. हे लायगोचे अमेरिकेतले दोन डिटेक्टर, लेसर आणि आरशांनी लांब भुजांतला बदल मोजणारे. १४ सप्टेंबर २०१५ ची ही गुरुत्वीय लहरींची पहिली थेट नोंद, आणि एवढी ठसठशीत की पद्धत तपासायला हिच्यापासूनच सुरुवात करावी. तिथे ३२ सेकंदांची फाइलही मिळते आणि ४०९६ सेकंदांचीही. मोठीच घ्या. ३२ सेकंदांत नॉइजचा स्पेक्ट्रम धड मोजता येत नाही आणि जाळ्याला नोडही पुरत नाहीत. सेकंदाला ४०९६ सॅम्पल (मोजमापं) धरले तर एका फाइलीत १,६७,७७,२१६ आकडे होतात, मेमरीत सुमारे १३४ एमबी. यात काहीच अवघड नाही.

फाइल जीपीएस ११२६२५७४१५ ला सुरू होते आणि घटना ११२६२५९४६२.४ ला आहे, म्हणजे सुरुवातीपासून २०४७.४ सेकंदांवर, जवळपास मधोमध. त्या काळात जीपीएस घड्याळ यूटीसीच्या १७ सेकंद पुढे होतं. शोध जाहीर करणाऱ्या पेपरातली ०९:५०:४५ ही वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे, ती फाइलीशी जुळवताना हे १७ सेकंद धरावे लागतात. सगळं काम जीपीएसमध्येच ठेवलं की प्रश्न मिटतो.

पुढे जाण्याआधी तीन गोष्टी तपासा. डेटात रिकाम्या जागा आहेत का, कारण एक एनएएन (आकडा नसलेली जागा) राहिला तरी फूरिये रूपांतर, म्हणजे डेटा फ्रीक्वेन्सींत फोडणं, आख्खं वाया जातं. डेटाच्या दर्जाचे ध्वज, म्हणजे डेटासोबत येणाऱ्या खुणा, काय सांगतात. आणि तिसरं म्हणजे हार्डवेअर इंजेक्शनचे ध्वज. यंत्रणा नीट चालते आहे ना हे बघायला आरसे मुद्दाम हलवून खोटे सिग्नल घातले जातात आणि ते या खुल्या डेटातही आहेत. सप्टेंबर २०१० मध्ये तर विश्लेषण करणाऱ्यांना न सांगता असा सिग्नल घातला होता. त्यांनी पेपर लिहून तयार ठेवला आणि त्यानंतरच सिग्नल खोटा आहे हे सांगणारं पाकीट उघडलं. शांत भागात सुंदर वर जाणारी चिर्प (फ्रीक्वेन्सी चढत जाणारा सिग्नल) दिसली की आधी हा ध्वज बघायचा.

७ जानेवारी

पहिलं जाळं. ३५ ते ३५० हर्ट्झचा बँडपास फिल्टर लावला, म्हणजे तेवढाच पट्टा ठेवला, ०.१२५ सेकंदाचे तुकडे पाडले आणि तुकड्यातुकड्यांत सहसंबंध, म्हणजे आकार किती जुळतो त्याचा आकडा, काढला. एका जोडीसाठी ±१० मिलिसेकंदांत पुढेमागे सरकवून जो सर्वांत मोठा येईल तो धरला. दहाच का, तर हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन यांच्यातलं अंतर सुमारे ३००० किलोमीटर आहे आणि प्रकाशाला ते कापायला १० मिलिसेकंद लागतात. गुरुत्वीय लहरही त्याच वेगाने येते, त्यामुळे दोन्हीकडच्या वेळांत याहून जास्त फरक असूच शकत नाही.

निकाल असा आला की प्रत्येक तुकडा प्रत्येक तुकड्याशी जोडलेला. अख्खं जाळं म्हणजे एकच गोळा.

कारण वीजपुरवठा. अमेरिकेत तो ६० हर्ट्झचा आहे आणि ६०, १२०, १८० वर डेटात उंच सुळके दिसतात. ६० हर्ट्झच्या एका आवर्तनाला १६.७ मिलिसेकंद लागतात. मी २० मिलिसेकंदांच्या पट्ट्यात सरकवायची मुभा दिली होती. म्हणजे कुठलेही दोन तुकडे घ्या, सरकवून सरकवून दोघांतले ६० हर्ट्झ जुळणारच. ३५ हर्ट्झच्या आसपास आणि ३३१ च्या आसपास कॅलिब्रेशनसाठी मुद्दाम सोडलेल्या रेषा आहेत, त्या तशाच नडतात. आरसे ज्या तंतूंवर टांगले आहेत त्यांची कंपनं ५०० हर्ट्झच्या सुमारास येतात. ती या पट्ट्याबाहेर राहतात, तेवढं बरं.

दोन ठिकाणांची वीज मात्र एकाच जाळ्यातून येत नाही. हॅनफर्ड पश्चिमेकडच्या ग्रिडवर आहे, लिव्हिंग्स्टन पूर्वेकडच्या. तरीही लॅगची, म्हणजे वेळेत सरकवण्याची, मुभा दिली की दोन्हीकडचे ६० हर्ट्झ एकमेकांवर बसतात. ग्रिड वेगळं आहे म्हणून यातून सुटका होत नाही.

८ जानेवारी

व्हायटनिंग केलं. प्रत्येक फ्रीक्वेन्सीला तिथल्या नॉइजच्या पातळीने भागायचं, म्हणजे सगळ्या पट्ट्यात नॉइज सारख्या उंचीचा होतो आणि सुळके आपोआप बसतात. स्पेक्ट्रम काढायला वेल्च पद्धत वापरली, चार-चार सेकंदांचे भाग, म्हणजे पाव हर्ट्झचं रिझोल्यूशन. सरासरीऐवजी मध्यक घ्या. सरासरी घेतली तर एखादा मोठा ग्लिच (डिटेक्टरमधला क्षणिक आवाज) सगळा अंदाज वर खेचतो.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवं. फूरिये रूपांतराआधी भागाच्या दोन्ही टोकांना टुकी किंवा हान विंडोने हळूहळू शून्यावर आणावं लागतं. तसं केलं नाही तर ३५ हर्ट्झच्या खालचा प्रचंड नॉइज सगळ्या फ्रीक्वेन्सींमध्ये गळतो आणि फेजमध्ये खोटे संबंध तयार होतात. २०१७ मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटमधल्या काही संशोधकांनी लायगोच्या दोन डिटेक्टरांचा नॉइजही एकमेकांशी जोडलेला दिसतो असा आक्षेप घेतला होता आणि त्यावर बराच वाद झाला. लायगोच्या बाजूने दिलेल्या उत्तरातला एक मुख्य मुद्दा हाच होता, की विंडो न लावता रूपांतर केलं की फेज असे जुळलेले दिसतात. आमचं सगळं जाळंच सहसंबंधांवर उभं आहे. इथली ढिलाई पुढे कुठल्याच आलेखात वेगळी ओळखू येत नाही, ती दुवा बनूनच समोर येते. मी विंडोसह आणि विंडोशिवाय असं दोनदा चालवून बघितलं. फरक डोळ्यांना दिसतो.

फिल्टर दोन्ही दिशांनी चालवा, म्हणजे वेळ सरकत नाही. व्हायटनिंगनंतर फाइलीच्या दोन्ही टोकांचे काही सेकंद सरळ कापून टाका.

१२ जानेवारी

या आठवड्यात सर्वांत जास्त वेळ ज्यात गेला ते हे: उंबरठा किती ठेवायचा, म्हणजे सहसंबंध केवढा असला की दुवा टाकायचा?

एका डिटेक्टरचे ४०९६ सेकंद, ०.१२५ सेकंदाचा एक तुकडा, म्हणजे ३२,७६८ नोड. जोड्या जवळपास ५३.७ कोटी. आधी मेमरी. ३२,७६८ गुणिले ३२,७६८ चं मॅट्रिक्स फ्लोट६४ मध्ये ८ जीबी घेतं. तुकडे अर्ध्याने एकमेकांवर चढवले, आणि ते चढवावेच लागतात कारण नाहीतर सिग्नल दोन तुकड्यांच्या सांध्यावर फुटतो, तर नोड दुप्पट आणि मेमरी चौपट, ३२ जीबी. लॅपटॉप तिथेच बसला. उपाय: मॅट्रिक्स कधीच पूर्ण साठवायचं नाही. हजार-हजार नोडांच्या चौकोनांत काढायचं, उंबरठ्यावरचे दुवे विरळ मॅट्रिक्समध्ये टाकायचे, बाकीचं फेकून द्यायचं. नेटवर्कएक्स इतक्या मोठ्या जाळ्याला फार सुस्त पडतं. जोडलेले गट काढायला सायपायचं विरळ ग्राफचं मॉड्यूल वापरा.

आता उंबरठा. एका तुकड्यात ५१२ सॅम्पल आहेत. पाठ्यपुस्तकाप्रमाणे निव्वळ नॉइजच्या दोन तुकड्यांतल्या सहसंबंधाचं प्रमाण विचलन (सिग्मा) १ भागिले √५१२, म्हणजे ०.०४४. त्या हिशेबाने ०.२ चा उंबरठा साडेचार सिग्माचा होतो, भक्कम वाटतो. तो लावला आणि पुन्हा सगळं एका गोळ्यात.

अडचण अशी की ते ५१२ सॅम्पल स्वतंत्र नाहीतच. पट्टा ३१५ हर्ट्झ रुंद आणि तुकडा ०.१२५ सेकंद लांब, तर स्वतंत्र आकडे २ × ३१५ × ०.१२५, म्हणजे जेमतेम ७९. खरं विचलन १ भागिले √७९, सुमारे ०.११. मग ०.२ म्हणजे १.८ सिग्मासुद्धा नाही. शंभरात सात-साडेसात जोड्या नुसत्या योगायोगाने त्याच्या वर जातात आणि लॅग न धरताही प्रत्येक नोडला अडीच हजारांच्या घरात दुवे मिळतात.

यादृच्छिक जाळ्यांचा एक जुना निकाल आहे: नोडामागे सरासरी दुवे एकाच्या वर गेले की जाळ्यात अचानक एक महाकाय गट तयार होतो आणि बहुतेक नोड त्यात ओढले जातात. एर्डोश आणि रेन्यी यांनी तो मांडला. इथे त्याचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. नॉइजमुळे पडणारे दुवे नोडामागे एकाच्या खूप खाली ठेवले नाहीत, तर गट शोधणारा कुठलाही अल्गोरिदम लावा, हाती अर्थहीन आकडे येतात. ३२,७६८ नोड असतील तर एका जोडीची योगायोगाने जुळण्याची शक्यता तेहतीस हजारांत एक यापेक्षा पुष्कळ कमी हवी. त्यात ±१० मिलिसेकंदांत सुमारे तेरा स्वतंत्र लॅग आहेत, म्हणजे प्रत्येक जोडीला तेरा संधी. नोडामागे ०.१ दुवा चालेल असं धरलं तर कागदावर उंबरठा ५.२ सिग्मा येतो, म्हणजे सहसंबंध ०.५८.

०.२ वरून ०.५८. एवढ्या फरकाने सगळं बदललं. गोळा फुटला आणि बहुतेक नोड एकटे पडले. ज्यांना दुवे उरले ते तुकडे एकेक करून बघण्याजोगे झाले. हे लिहिताना मला मनापासून वाटतं की या प्रकारच्या कामात सगळ्यात आधी पट्ट्याची रुंदी गुणिले वेळ हा गुणाकार कागदावर करावा, कोड नंतर.

१३ जानेवारी

व्हिजिबिलिटी ग्राफ लावून बघितला. यात प्रत्येक सॅम्पल नोड असतो आणि मधलं कुणी आडवं येत नसेल तर दोन सॅम्पल जोडले जातात. आडव्या प्रकारात निव्वळ यादृच्छिक मालिकेसाठी सरासरी दुवे बरोबर ४ येतात हे सिद्ध झालेलं आहे, म्हणून आशा होती. पण हा ग्राफ बघतो शेजारच्या सॅम्पलांचा चढउतार, आणि बँडपास केलेल्या डेटात शेजारचे सॅम्पल आधीच एकमेकांना बांधलेले असतात. ४ ही पातळी लागूच होत नाही. १०२४ हर्ट्झवर आणूनही सिग्नलचा भाग आणि शेजारचा नॉइज वेगळे काढता आले नाहीत. सोडून दिलं.

१६ जानेवारी

दोन डिटेक्टर जोडले. आता नोड दोन प्रकारचे, हॅनफर्डचे आणि लिव्हिंग्स्टनचे. आडवे दुवे फक्त एकाच वेळच्या तुकड्यांत आणि फक्त ±१० मिलिसेकंदांच्या आत. इथे जोड्या कोट्यवधी नाहीत, तुकड्यांच्या संख्येइतक्याच आहेत, त्यामुळे उंबरठा थोडा खाली आणता येतो.

जीडब्ल्यू१५०९१४ च्या तुकड्याला दुवा पडला नाही.

स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे वेळ-फ्रीक्वेन्सीच्या चित्रात, दोन्हीकडे चिर्प डोळ्यांना दिसते आणि जाळ्यात मात्र काही नाही, तेव्हा शोध कोडमध्येच घ्यायला हवा होता. कारण चिन्हात निघालं. दोन डिटेक्टरांच्या भुजा एकमेकींच्या तुलनेत साधारण ९० अंशांनी फिरवलेल्या आहेत, त्यामुळे एकीकडे भुजा ताणली जाते तेव्हा दुसरीकडे आखडते. हॅनफर्डचा आलेख लिव्हिंग्स्टनवर ठेवायचा तर ६.९ मिलिसेकंद सरकवावा लागतो आणि उलटाही करावा लागतो. सहसंबंध मोठा होता, पण उणे. कोड फक्त धन बाजूचा कमाल घेत होता. निरपेक्ष मूल्य घेतलं आणि दुवा लागलीच उभा राहिला, लॅग ७ मिलिसेकंदांच्या आसपास, लिव्हिंग्स्टन आधी.

तो तुकडा मोठा करून पुन्हा पुन्हा बघितला. पहिली आवर्तनं रुंद आणि नॉइजमध्ये अर्धी बुडालेली, मग जवळजवळ येत उंच होत जाणारी शिखरं, दोन-तीन अगदी स्पष्ट, आणि त्यानंतर एकदम काही नाही. ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंतचा हा सगळा प्रवास ०.२ सेकंदांत होतो, जेमतेम आठ आवर्तनं. कळसाला ताण, म्हणजे लांबीतला सापेक्ष बदल, १०⁻²¹. चार किलोमीटरच्या भुजेत हा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या काही सहस्रांशांइतका भरतो. स्वतः स्वच्छ केलेल्या डेटात, स्वतःच्या पडद्यावर हे बघणं ही मोठी गोष्ट आहे.

२० जानेवारी

आता खरा प्रश्न. डिटेक्टरमध्ये ग्लिच येतात, क्षणिक आवाज, कधी सिग्नलहून कितीतरी मोठे. ग्रॅव्हिटी स्पाय या नागरिक-विज्ञान प्रकल्पात त्यांचे प्रकार पाडून नावं दिली आहेत: ब्लिप, व्हिसल, कोई फिश, विखुरलेल्या प्रकाशाच्या कमानी. एका डिटेक्टरच्या आतल्या जाळ्यात हे प्रकार आपोआप गट होऊन बाहेर पडतात, कारण एकाच कारणाने आलेले ग्लिच दिसायला सारखे असतात.

या कामातून माझ्या हाती लागलेली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. ग्लिचला स्वतःच्या डिटेक्टरमध्ये भावंडं असतात आणि समोरच्या डिटेक्टरमध्ये कुणीच नसतं. सिग्नलचं नेमकं उलटं असतं. म्हणून प्रत्येक नोडाचे दोन आकडे मांडले, आतले दुवे आणि आडवे दुवे. आतले शून्य आणि आडवा एक, असा नोड असेल तर तो बघण्यालायक. उंची न बघता, आकार गृहीत न धरता, फक्त नात्यावरून गाळणी लागते.

पण ब्लिप नडतात. ब्लिप दहा-बारा मिलिसेकंदांचा असतो, शेकडो हर्ट्झ व्यापतो, आणि बहुतेकांचं कारण अजून सापडलेलं नाही. जड कृष्णविवरांच्या विलीनीकरणाचा शेवटचा झटका नेमका असाच दिसतो. ०.१२५ सेकंदाच्या तुकड्यात ब्लिपला आणि विलीनीकरणाला वेगळं करायला फारसं काही उरत नाही, आणि सहसंबंधाचा गुणांक मोठेपणा विसरून फक्त आकार बघतो. परिणामी खऱ्या सिग्नलालाही खोटी भावंडं मिळू लागली.

उपाय म्हणून तुकडा ०.२५ सेकंदाचा केला. स्वतंत्र आकडे दुप्पट झाले, विचलन ०.०८ वर आलं आणि विलीनीकरणाआधीची आवर्तनंही हिशेबात आली. ब्लिपच्या आधी तसं काही नसतं, त्यामुळे ते गळतात. शिवाय फक्त ज्या तुकड्यांत नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा आहे तेवढेच नोड ठेवले, आणि मेमरीचा प्रश्न जवळपास संपला. किंमत अशी की अशक्त सिग्नल या चाळणीतच गळतात. २७ तारखेच्या नोंदीत ते येतंच.

२३ जानेवारी

एक दुवा दिसला म्हणजे शोध लागला असं नाही. निव्वळ योगायोगाने असा दुवा किती वेळा पडेल हे सांगता आलं पाहिजे, आणि ते सूत्रावरून सांगता येत नाही, कारण खरा नॉइज गॉसियन नसतो. १२ तारखेचे ते ५.२ सिग्मा फक्त सुरुवातीची जागा देतात.

पद्धत अशी: लिव्हिंग्स्टनचा डेटा हॅनफर्डच्या तुलनेत १० मिलिसेकंदांहून पुष्कळ जास्त सरकवायचा, मी एकेक सेकंद सरकवला, आणि सगळी प्रक्रिया पुन्हा चालवायची. आता जो दुवा पडेल तो नक्की योगायोग. फाइल गोल फिरवत सरकवली तर ४०९५ वेगवेगळ्या स्थिती मिळतात, गुणिले ४०९६ सेकंद, म्हणजे सुमारे १९४ दिवसांचा कृत्रिम नॉइज. टोकं कापल्यावर थोडा कमी. लॅपटॉप रात्रभर चालत राहिला, पण आधी चाळलेल्या नोडांवर हे परवडतं.

यातून एक मर्यादा पक्की होते. या एका फाइलीवरून मी जास्तीत जास्त 'साधारण १९४ दिवसांत एकदाही नाही' एवढंच म्हणू शकतो, त्याहून एक अक्षर जास्त नाही. लायगोने याच घटनेसाठी १६ दिवसांचा दोन्हीकडचा डेटा घेऊन लक्षावधी वेळा सरकवला, ६,०८,००० वर्षांइतका नॉइज तयार केला, आणि मगच २,०३,००० वर्षांत एकाहून कमी, ५.१ सिग्मा, असं लिहिलं. त्या आकड्यामागे किती गणन आहे ते स्वतः सरकवल्यावर उमगतं.

सरकवताना खरा सिग्नल असलेला तुकडा आधी काढून ठेवा. तो ठेवला तर समोरच्या नॉइजशी त्याच्या जोड्या लागून पार्श्वभूमी फुगते.

२४ जानेवारी

तिसरा डिटेक्टर. १४ ऑगस्ट २०१७ ची घटना इटलीतल्या व्हर्गोसह तिघांनी टिपली होती. तीन डिटेक्टर म्हणजे जाळ्यात त्रिकोण, आणि त्रिकोणात एक सुंदर बंधन येतं: हॅनफर्ड–लिव्हिंग्स्टन आणि लिव्हिंग्स्टन–व्हर्गो या दोन लॅगची बेरीज हॅनफर्ड–व्हर्गो लॅगइतकीच यायला हवी. नॉइजचे तीन दुवे हे पाळणार नाहीत. कल्पना चांगली, पण त्या घटनेचं सिग्नल-टू-नॉइज प्रमाण लिव्हिंग्स्टनमध्ये १३.७, हॅनफर्डमध्ये ७.३ आणि व्हर्गोत फक्त ४.४ होतं. व्हर्गोकडचे दुवे उंबरठ्याखालीच राहिले. व्हर्गो आणखी संवेदनशील झाल्यावरच्या घटनांवर हे पुन्हा करायला हवं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभा राहिला की असे आणखी त्रिकोण मिळतील.

२७ जानेवारी

जीडब्ल्यू१५१२२६ या दुसऱ्या घटनेवर चालवलं. काहीच नाही. उंबरठा खाली आणला तर नॉइजचे दुवे आधी उगवतात आणि सिग्नलचा येतच नाही.

हे होणारच होतं. २६ डिसेंबर २०१५ ची ही घटना १४ आणि ७.५ सूर्यवस्तुमानांच्या कृष्णविवरांची आहे. ३५ ते ४५० हर्ट्झमध्ये ती साधारण एक सेकंद राहते, ५५ आवर्तनं घेते, आणि तिचा ताण कळसालाही ३.४ × १०⁻²² च आहे. एकत्रित सिग्नल-टू-नॉइज प्रमाण १३, पण ती सगळी ऊर्जा एक सेकंदभर पसरलेली. पाव सेकंदाच्या कुठल्याही एका तुकड्यात नॉइजच वरचढ. लांबच लांब तुकडा घेऊनही जमत नाही, कारण तेव्हा दोन्हीकडचा नॉइज मिसळून सहसंबंध पातळ होतो. दोन गोंगाटी तुकडे एकमेकांशी ताडण्यापेक्षा गोंगाटी तुकडा स्वच्छ नमुन्याशी ताडणं नेहमीच सरस. मॅच्ड फिल्टरची ताकद यातच आहे.

१ फेब्रुवारी

दुसरी वाट. तुकड्यांऐवजी वेळ-फ्रीक्वेन्सी नकाशातले चौकोन नोड केले. एका चौकोनातून दुव्याची दिशा फक्त पुढच्या वेळेकडे आणि तेवढ्याच किंवा वरच्या फ्रीक्वेन्सीकडे. चक्र नसलेलं दिशायुक्त जाळं, त्यात सर्वांत वजनदार वाट शोधायची. जीडब्ल्यू१५०९१४ ची पहिली सूचना मिळाली ती याच घराण्यातल्या शोधातून, आकार गृहीत न धरता उजळ चौकोनांचे पुंजके बघणाऱ्या, आणि तीही तीन मिनिटांच्या आत.

पहिल्या फेरीत नॉइजमध्येही लांबलचक वाटा निघाल्या. वाटांची संख्या इतकी अफाट असते की त्यातली सर्वोत्तम निवडली की ती वजनदार दिसतेच. प्रत्येक चौकोनाच्या ऊर्जेतून नॉइजची अपेक्षित ऊर्जा आणि वर थोडा दंड वजा केला, म्हणजे साधा चौकोन वाटेला तोट्यात घालतो. तेव्हा वाटा आखडल्या.

चाचणीला जीडब्ल्यू१७०८१७ घेतलं, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची घटना. ५० ते १०० हर्ट्झ जायलाच तिला सुमारे १२ सेकंद लागतात, म्हणजे वाट शोधायला भरपूर जागा. पण लिव्हिंग्स्टनमध्ये विलीनीकरणाच्या १.१ सेकंद आधी मोठा ग्लिच आहे, आणि सिग्नल त्या क्षणी १३० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे ग्लिच नेमका वाटेवरच. वाट तिथे पोचली की सरळ उभी ग्लिचमध्ये चढते आणि सगळं वजन तिथेच गोळा करते. लायगोने घाईच्या वेळी केलं तेच केलं: ग्लिचभोवतीचा भाग हळूवार शून्यावर आणला. शिवाय एका पावलात फ्रीक्वेन्सी किती वाढू शकते याला मर्यादा घातली. वाट सरळ झाली.

मग तिची कसोटी. विलीनीकरणाकडे जाताना फ्रीक्वेन्सीचा −८/३ वा घात वेळेबरोबर सरळ रेषेत कमी होतो आणि रेषेचा उतार चिर्प मास, म्हणजे दोन्ही वस्तुमानांतून बनणारी एक राशी, सांगतो. वाटेतले बिंदू असे मांडले तर ते खरंच रेषेवर बसतात, आणि उतारावरून चिर्प मास १.२ सूर्यवस्तुमानांच्या जवळ येतं. डिटेक्टरच्या चौकटीतलं प्रसिद्ध मूल्य १.१९७७ आहे. वाट शोधताना वस्तुमान कुठेच घातलेलं नव्हतं. नॉइजमधल्या वाटा या मांडणीत वाकड्यातिकड्या पडतात, म्हणून रेषेपासूनचं अंतर ही आता माझी दुसरी गाळणी आहे.

६ फेब्रुवारी

जीडब्ल्यू१५१२२६ साठी वाटही पुरत नाही, एकट्या डिटेक्टरच्या नकाशात ती दिसतच नाही. म्हणून जाळं नमुन्यांवर नेलं. प्रत्येक नमुना (टेम्प्लेट) एक नोड, दोन टेम्प्लेट ०.९७ हून जास्त जुळत असतील तर दुवा. खऱ्या सिग्नलाने शेजारशेजारचे नमुने एका सलग पट्टीत उजळावेत, म्हणजे डेटाशी जुळावेत, आणि मध्यापासून उजेड हळूहळू उतरावा. ग्लिचने दूरदूरचे, एकमेकांशी न जोडलेले नमुने एकदम उजळावेत. पायसीबीसी या पॅकेजने चिर्प मास ९.७ च्या भोवतीची छोटी बँक (नमुन्यांचा संच) तयार केली आणि दोन्ही डिटेक्टरांत पट्टी उजळली, दोन्ही पट्ट्यांचा मध्य जाळ्यात शेजारीच, वेळेतला फरक १० मिलिसेकंदांच्या पुष्कळ आत.

याला शोध म्हणता येणार नाही, कारण बँक उत्तर माहीत असताना बांधली आहे. निरीक्षणांच्या पहिल्या टप्प्यात लायगोची बँक सुमारे अडीच लाख नमुन्यांची होती. एवढं या लॅपटॉपवर होणार नाही, पण चिर्प मास ५ ते ४० मधली विरळ बँक होईल. ती सध्या तयार होते आहे. त्यानंतर २३ तारखेसारखंच एकेक सेकंद सरकवून, पट्टीचा आकार किती वेळा योगायोगाने जमतो ते मोजायचं आहे. कुणी हे करत असेल तर टेम्प्लेटांमधली जुळणी एकदाच काढून फाइलीत ठेवा. माझी पहिली फेरी बहुतांशी त्याच त्या जोड्या पुन्हा मोजण्यात गेली.